बिनपाण्याचं कॅरमेल

साखर तापवली की वितळते आणि आणखी तापवली की तपकिरी होते, एवढं कुठल्याही पुस्तकात सापडतं. ती कुणाच्या घरात, कुठल्या वर्षी आणि कुणाच्या परवानगीनं तापवावी, याबद्दल पुस्तकं गप्प असतात. सारंगची सगळी फजिती या न लिहिलेल्या भागात झाली. तो रसायनशास्त्राचा एम.एस्सी. होता, म्हणून ती जरा जास्तच झाली. साध्या माणसाचं कॅरमेल जळलं तर लोक म्हणतात, जळलं. एम.एस्सी. झालेल्या माणसाचं जळलं तर लोक विद्यापीठाचं नाव विचारतात.

सारंग एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गोळ्या तपासायचा. गोळी ठरलेल्या वेळात विरघळली नाही की अख्खा माल परत पाठवायचा अधिकार त्याला होता. घरी मात्र त्याला कसलाच अधिकार नव्हता, कारण चिक्कडपल्लीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याचे वडील हणमंतराव राहत होते, आणि हणमंतराव निवृत्त वकील होते.

यंदा त्या घरात सण नव्हते. सारंगची आई, कमल, दिवाळीच्या तोंडावर गेली. तेराव्याला हणमंतरावांची थोरली बहीण, गौलीगुड्याची गंगूआत्या, सगळ्यांसमोर सांगून गेली होती, "वर्षभर घरात सण नाही. कढई चढवायची नाही, तळण नाही, पाक करायचा नाही. कुणी आणून दिलं तर खायचं." आत्या बोलली की बाकीच्यांनी बोलायचं नसतं, ही त्या घराची घटना होती, आणि तिच्यात अजून एकही दुरुस्ती झालेली नव्हती.

दिवाळी गेली ती कळलीच नाही. पण संक्रांत जवळ आली तशी सारंगची बहीण मेधा लेकीला घेऊन माहेरी आली, ती निरोप घ्यायला. तिचा नवरा योगेश आधीच कॅनडाला पोचला होता. संक्रांतीनंतर चार दिवसांनी मायलेकी निघणार होत्या. लेक त्रिवेणी अडीच वर्षांची, कुरळ्या केसांची. उघड्या बॅगा म्हणजे बसायची जागा, अशी तिची समजूत होती.

एका संध्याकाळी ती अशीच एका बॅगेत लोकरीच्या कपड्यांवर बसलेली असताना हणमंतराव तिच्याकडे बघून म्हणाले, "हिचं बोरन्हाण राहिलं."

एवढंच. गेल्या संक्रांतीला पोरीच्या अंगात ताप होता. कमल म्हणाली होती, तापलेल्या पोरीला कशाला बसवायचं, पुढल्या वर्षी थाटात करू. पुढलं वर्ष आलं, पोरगीही आली. आता नाही तर कधीच नाही, कारण पुढल्या संक्रांतीला पोरगी बर्फात असणार होती.

गोळ्या, गॅस आणि दाराची कडी हे विषय सोडून हणमंतराव गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच काही बोलले होते. एरवी ते संध्याकाळी सिलिंडरचा खटका बंद करायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "बंद केला गं." मग जरा थांबायचे, खाकरायचे आणि खोलीत निघून जायचे. म्हणून त्या एका वाक्यानं सारंग ताडकन उठून बसला. बाबांना नातीचं बोरन्हाण बघायचंय. मग ते झालंच पाहिजे. प्रश्न एवढाच होता की आत्याच्या हुकुमातून वाट कशी काढायची.

वाट त्रिवेणीनंच दाखवली. तिला बोरं आवडत नव्हती, चुरमुरे ती थुंकायची. तिला आवडायचे ते मॉलमधल्या थिएटरात मिळणारे कॅरमेल पॉपकॉर्न. सारंगच्या डोक्यात दिवा लागला. तो बाबांच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"बाबा, एक मुद्दा मांडायचाय."

हणमंतरावांनी चष्मा लावला. मुद्दा ऐकायला त्यांना चष्मा लागायचा. "मांड."

"आत्यानं काय बंद केलंय? कढई, तळण आणि पाक. बरोबर?"

"आणि सण."

"त्याचं मागाहून बघू."

"तेच तर आधी बघायचं असतं. बरं, बोल."

"पाक म्हणजे साखर आणि पाणी. साखर पाण्यात विरघळते, पाणी आटतं, तार येते. पण कोरडी साखर नुसती तापवली, तर तिचे रेणू मोडतात आणि वेगळेच पदार्थ तयार होतात. त्याला कॅरमेल म्हणतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ती साखर राहतच नाही."

"म्हणजे गोड लागत नाही?"

"लागतं."

"मग हा मुद्दा टिकणार नाही." हणमंतराव छताकडे बघत बसले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा काहीतरी विचार करणाऱ्या माणसासारखा दिसत होता. "पण पाण्याचा एक थेंब घालायचा नाही, अशी अट घातली तर त्याला पाक म्हणता येणार नाही. मका कुठला?"

"मूळचा अमेरिकेतला."

"उत्तम. म्हणजे शास्त्रात नाही. जे शास्त्राला माहीत नाही, ते शास्त्र बंद कसं करेल?" ते सरसावून बसले. "लिहून घे. पाणी नाही. तेल नाही, नाहीतर ते तळण होईल. कढई नाही. तीळ नाही. कुणाला बोलावणं नाही. विकत आणायचं नाही, आजोळचं म्हणजे आजोळच्या हातचंच पाहिजे. आणि ओतायचं नाही, सांडायचं."

"म्हणजे?"

"ओतणं हा विधी झाला. सांडणं हा अपघात. नात जमिनीवर बसलीय, मामा पॉपकॉर्न घेऊन चाललाय, पाय अडखळला. यात सण कुठे आला?"

मेधा दारात स्वेटरच्या घड्या घालत उभी होती. "तुम्हा दोघांना डॉक्टरकडे न्यायला पाहिजे," ती म्हणाली. मग न्हाणीघरात गेली. आत बराच वेळ नळ चालू होता.

पहिला अडथळा मक्यानंच आणला. मक्याचा दाणा हा एक छोटा कुकर असतो. त्याच्या पोटात चिमूटभर पाणी असतं. दाणा तापला की त्याची वाफ होते, साल घट्ट असल्यामुळे ती कोंडते आणि शेवटी स्फोट होतो. दाणे जुने असले की पोटातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि मग नुसतंच तापणं उरतं. सारंगला बाजारात मिळालेले दाणे या दुसऱ्या जातीचे होते. बिनतेलाच्या कुकरात ते खडखडत राहिले. काही फुटले, बाकीचे काळे पडून पुन्हा दगड झाले. वास जिन्यात गेला आणि समोरच्या फ्लॅटच्या माधवीगारूंचं दार उघडलं.

माधवीगारू तेलुगू; त्यांचं 'गारू' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'. कमलशी त्या कुठल्या भाषेत बोलायच्या हे त्या दोघींनाही सांगता आलं नसतं, पण बोलणं कधी अडलं नव्हतं.

"क्या बाबू, चने भून रे क्या?"

"पॉपकॉर्न, आंटी."

त्यांनी कुकरात डोकावून पाहिलं. चेहऱ्यावर फक्त दया होती, आणि सारंगला तीच लागली. "तेल डालो ना थोडा."

"तेल नको."

"कायकू?"

हणमंतरावांचा निकाल तेलुगूत समजावून सांगणं सारंगला शक्य नव्हतं. मराठीतही अवघडच होतं. "असंच," तो म्हणाला.

"तुमारी अम्मा लाह्या भूनी तो ढक्कन के ऊपर गीला कपडा रखती थी," माधवीगारू म्हणाल्या. "तुमकू नै मालूम?"

सारंगला नव्हतं मालूम. आईनं लाह्या भाजल्या तेव्हा तो बहुधा रेणूंबद्दल वाचत होता.

"मेरे घर में करलो बाबू. मै करके देती, दो मिन्ट का काम."

इथे जर सारंग 'हौ' म्हणाला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आजोळच्या हातचं पाहिजे ही अट होती आणि त्याखाली त्याचा मानही होता. ज्याच्या सहीशिवाय औषधाची गोळी गेटबाहेर पडत नाही, त्याला समोरच्या आंटींनी पॉपकॉर्न फोडून द्यावेत? "नको, आंटी, होईल," असं म्हणून त्यानं दार लावलं आणि बाबांकडे फेरविचाराचा अर्ज केला.

"लोणी म्हणजे तेल का?"

हणमंतरावांनी बराच वेळ घेतला. "लोणी देवाला चालतं," ते शेवटी म्हणाले. "मंजूर."

ताजे दाणे आणि लोणी, आणि मक्यानं माघार घेतली. पांढरेशुभ्र पॉपकॉर्न दोन डबे भरून झाले. त्यातला एक त्रिवेणीनं कॅरमेलची वाट न पाहता संपवला.

आता साखर. इथे एक गोष्ट सांगायला हवी. जगातले बहुतेक शहाणे लोक कॅरमेल करताना साखरेत थोडं पाणी घालतात. पाण्यामुळे साखर सारखी तापते आणि करणाऱ्याला सावध व्हायला वेळ मिळतो. बिनपाण्याची साखर असा वेळ देत नाही. कडेनं वितळते, मध्ये कोरडी राहते. ढवळली तर गोळे होतात आणि नाही ढवळली तर खालून जळते. हे सारंगला माहीत होतं. पण पाणी नाही म्हणून पाक नाही, या एका खांबावर त्याचा सगळा खटला उभा होता. तो खांब त्यानंच रोवला होता.

पहिल्या वेळी त्यानं ढवळलं. साखरेची ढेकळं झाली. दुसऱ्या वेळी त्यानं ढवळलं नाही, ऑनलाइन मागवलेला थर्मामीटर मात्र बुडवला. आकडा अजून हद्दीत होता आणि सारंग त्याच्याकडे अभिमानानं बघत होता. फक्त थर्मामीटरचं टोक साखरेतून वर राहून हवेचं तापमान सांगत होतं. साखर त्या आकड्याच्या केव्हाच पुढे गेली होती. मग धूर आला. तो शाफ्टमधून वर गेला, खाली गेला, आणि पहिल्या मजल्यावरून हिम्मतराव वर आले.

हिम्मतराव बिल्डिंगच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते. तिथं हयातभर लोकांनी त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि त्यांनी कागद मागायचा, अशी पद्धत होती. ती त्यांनी मोडली नव्हती.

"काय जळायलंय?"

"काही नाही काका. साखर."

"साखर?" हिम्मतरावांनी आवाज खाली आणला. "सुतकाच्या घरात?"

"प्रयोग आहे," सारंग शक्य तितक्या शांतपणे म्हणाला. त्याच्या एका भुवईवर राख होती.

"घरात प्रयोग करायला असोसिएशनची परवानगी लागते. अर्ज आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र."

"असा नियम आहे?"

"होईल," हिम्मतराव म्हणाले आणि खाली गेले. पण जाता जाता त्यांनी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावर आग नाही. सारंग साखर करतोय. घाबरू नये.' म्हणजे ज्यांना धुराचा पत्ता नव्हता त्यांनाही लागला. मग सल्ले आले. कुणी लिंबू सांगितलं, कुणी व्हिनेगर, कुणी चिमूटभर मीठ, कुणी आजीच्या गावची पद्धत. प्रत्येक सल्ल्याची सुरुवात एकच होती, आधी थोडं पाणी घाला.

सारंग पातेलं घासत बसला. काळा थर काचेसारखा चिकटला होता. सोडा टाकला, व्हिनेगर टाकलं, पुन्हा घासलं. मेधा मागे येऊन उभी राहिली.

"ते दुधाचं होतं रे."

"माहितीय."

"आई दुसरं काही करू द्यायची नाही त्यात. मी एकदा मॅगी केली तर दोन दिवस बोलली नाही."

"माहितीय म्हटलं ना."

ती खाली बसली आणि दुसऱ्या बाजूनं घासायला लागली. दोघं घासत होती. थोड्या वेळानं बाहेरून खटक्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "बंद केला गं." मेधाचा हात थांबला. पातेल्याचा तळ अर्धा निघाला होता, अर्धा तसाच होता.

"सोड ना सारंग," ती हळूच म्हणाली. "तिथं गेल्यावर करीन मी काहीतरी. यूट्यूबवर बघून."

"तिथं बाबा नसतील," सारंग म्हणाला.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी त्यानं तिसऱ्यांदा साखर ठेवली. या वेळी पसरट पॅन आणि मंद आच. साखर एकदम न टाकता थोडी थोडी टाकली, आधीची वितळली की पुढची. थर्मामीटर त्यानं ड्रॉवरमध्ये टाकून दिला आणि रंगाकडे बघत राहिला. साखर हळूहळू मधासारखी झाली, मग तांबूस. लोणी पडलं, फसफसलं. मग चिमूटभर खाण्याचा सोडा. सोड्यातून वायू सुटतो, कॅरमेल फुगतं आणि हलकं होतं. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. त्यानं दुसऱ्या डब्यातले पॉपकॉर्न एका उभ्या पातेल्यात काढले, त्यावर ते ओतलं आणि भराभरा ढवळलं. आता फक्त ते परातीत पसरायचं आणि गरम आहे तोवर एकेक दाणा सुटा करायचा. एवढंच राहिलं होतं.

बेल वाजली. दारात गंगूआत्या होती, हातात तिळगुळाचा डबा.

सारंगनं जे केलं त्याला शास्त्रीय भाषेत शब्द नाही. त्यानं पातेल्यावर झाकण दाबलं आणि पातेलं सिलिंडरमागे सरकवलं.

"सण करायचा नसतो म्हणून मीच आणला," आत्या आत येत म्हणाली. डबा ठेवला, हणमंतरावांच्या पाठीवरून हात फिरवला, मेधाला जवळ घेतलं, त्रिवेणीचा गालगुच्चा घेतला. मग ती थबकली आणि नाक वर केलं. "काय करायलास रे?"

सारंगनं बापाकडे पाहिलं. बाप उभा राहिला. निवृत्तीनंतर आपण प्रथमच उभे राहून बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. त्यांनी सगळा मुद्दा मांडला. पाक आणि कॅरमेल यांतला फरक, मक्याचं मूळ, लोण्याबाबतचा फेरविचार, ओतणं आणि सांडणं. मध्ये दोनदा त्यांचा आवाज घसरला. "ताई, कायदा मोडलेला नाही. शब्दाशब्दानं पाळलाय. फक्त पोरीचं एवढं... कमलच्या मनात होतं गं."

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "झालं बोलून? हणमंता, ही पोरगी कुणाची?"

"मेधाची."

"तिच्या बापाचं घर कुठलं?"

"योगेशचं, परभणीचं."

"मग तिला कसलं वर्ष रे? लेकीलाच तीन दिवसांचं असतं, तिच्या लेकीला काय? मी वर्ष सांगितलं ते तुला अन् ह्या पोराला. ह्या उंबऱ्याच्या आत. तिला दाराबाहेर बसवायची, माधवीकडून बोरं आणायची, पाकबिक काय करायचं ते तिच्या शेगडीवर करायचं. त्यात काय हाय?"

सारंगच्या डोळ्यांपुढून दगड झालेला मका, ढेकळं, धूर, दुधाचं पातेलं असं सगळं हळूहळू निघून गेलं. एक वकील आणि एक रसायनशास्त्रज्ञ बसून कायद्यात फट शोधत होते, आणि तो कायदा त्या पोरीला लागूच नव्हता.

"विचारायचं तरी," आत्या म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस तर?" हणमंतरावांचा आवाज अगदी लहान झाला होता.

आत्या त्यांच्याजवळ बसली. "दुःख तुझं हाय रे. लेकराचं नाही. ते तिच्या अंगावर कायकू टाकायलास?" मग जरा थांबून म्हणाली, "पण तुला अन् सारंगला बाहेर येता यायचं नाही. दारातून बघा."

हणमंतरावांनी मान हलवली. त्यांनी अपील केलं नाही.

मग सगळं फार भराभर झालं. माधवीगारू आदल्या दिवशीच्या भोगीची उरलेली बोरं घेऊन आल्या. त्यांच्याकडेही भोगीला लहान पोरांच्या डोक्यावरून बोरंच ओततात, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "कितना बोली मै, मेरे घर में करलो बोलके," एवढं त्या सारंगला ऐकवून गेल्या. हिम्मतराव सामाईक जागेच्या वापराचा विषय काढायला वर आले. आत्या म्हणाली, "नातवंडं आणा की तुमची, लुटायला कुणी नको का?" हिम्मतराव खाली गेले. परत आले ते तीन नातवंडं आणि घरची सतरंजी घेऊन. अर्जाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दोन फ्लॅटांच्या मधल्या जागेत त्रिवेणीला पाटावर बसवलं. काळा कपडा हवा म्हणून शोधाशोध झाली. बॅगेत सापडला तो एकच काळा टीशर्ट, त्यावर हिरवा डायनासोर. हलव्याचे दागिने नव्हते. आत्यानं ओवाळलं. बोरं पडली, तेव्हा त्रिवेणीनं कपाळाला आठ्या घातल्या. मग मेधानं सिलिंडरमागचं पातेलं आणलं, लेकीच्या डोक्यावर धरलं आणि उपडं केलं.

काहीच पडलं नाही.

मेधानं हलवलं. काही नाही. त्रिवेणी तोंड उघडून पातेल्याच्या अंधारात वर बघत होती. गरम कॅरमेल तास-दीड तास झाकणाखाली तसंच राहिलं की काय होतं, हे सारंगला एका क्षणात कळलं.

"ठोकू नकोस!" तो उंबऱ्याच्या आतून ओरडला. पण मेधानं ठोकलं होतं.

गोळा बाहेर आला. पातेल्याच्या मापाचा, पातेल्याच्या आकाराचा, तपकिरी आणि चकचकीत. हिम्मतरावांनी तो त्रिवेणीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर दोन्ही हातांनी झेलला.

"वकीलसाहेब," ते धापा टाकत म्हणाले, "हे पडलं असतं तर पोलीस केस होती."

"अपघात म्हणून सुटलो असतो," हणमंतराव आतून म्हणाले. सारंगनं वळून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसत होते. खूप दिवसांनी, जरा आवाज करून, चोरून हसल्यासारखं.

आत्यानं बत्ता मागवला आणि गोळा सतरंजीवर ठेवून फोडला. तुकडे उडाले. नातवंडं तुटून पडली. मेधानं ओंजळ भरून तुकडे लेकीच्या डोक्यावरून सोडले. सुटे झाले ते खाली पडले, चिकट होते ते कुरळ्या केसांत राहिले. त्रिवेणीनं केसातून एक काढून चाखला आणि पहिल्यांदाच खुद्कन हसली. माधवीगारूंनी एक खाल्ला, विचार केला आणि म्हणाल्या, "थोडा कडवा है. मगर अच्छा है." सारंगला त्या दिवशी मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र.

हणमंतराव उंबऱ्याच्या आत उभे होते. पायांची बोटं बरोबर रेषेवर, एक केसभरही पुढे नाही. हात नकळत उचलला गेला होता, ओंजळ भरल्यासारखा. मग त्यांनी तो मागे घेतला.

त्रिवेणी पाटावरून उठली. कुणाला काही कळायच्या आत धावत उंबरा ओलांडून गेली आणि आजोबांच्या गुडघ्यांना मिठी मारली. चिकट हात, चिकट गाल, केसांतला चुरा, सगळं लेंग्याला. आत्याच्या हुकुमात यावर काही नव्हतं. आत्या दुसरीकडे बघायला लागली.

"आबा, खा," असं म्हणून तिनं मूठ वर केली. मुठीत काही राहिलं नव्हतं, सगळं लेंग्यालाच लागलं होतं. हणमंतरावांनी वाकून तिच्या रिकाम्या मुठीत तोंड घातलं आणि खाल्ल्यासारखं केलं. मग ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले.

चार दिवसांनी पहाटे मायलेकी गेल्या. विमानतळावरून येताना बापलेक बोलले ते रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. घरी आल्यावर हणमंतरावांनी कडी लावली, पण स्वयंपाकघराकडे तोंड करून कुणाला काही सांगितलं नाही. चहा झाला. सारंगनं धुण्याची बादली भरायला घेतली, तेव्हा ते खोलीतून तोच लेंगा हातात घेऊन आले. इतके दिवस तो त्यांनी धुवायला दिला नव्हता. गुडघ्याच्या वर, पांढऱ्या कापडावर, एका छोट्या पंज्याचा तपकिरी ठसा होता. पाचही बोटं स्पष्ट.

"सारंग, तू शिकलेला आहेस. हा डाग निघतो का रे?"

साखरेच्या डागाइतका गरीब डाग जगात नाही. त्याला साबण लागत नाही, घासावं लागत नाही. कोमट पाण्यात कापड बुडवलं की तो आपणहून पाण्यात जातो, आणि पाणी ओतलं की गेलाच. अकरावीतल्या पोरालाही हे माहीत असतं. नळ चालू होता, बादली अर्धी भरली होती.

सारंगनं नळ बंद केला.

"नाही निघत, बाबा," तो म्हणाला. "कॅरमेलचा डाग पक्का असतो. धुऊन काही उपयोग नाही."

हणमंतरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. खोटी साक्ष देणारी माणसं त्यांनी उभ्या आयुष्यात इतकी पाहिली होती की त्यांना चष्मा लावायचीही गरज पडायची नाही. ते काही विचारतील असं सारंगला वाटलं.

"मग राहू दे," ते म्हणाले. त्यांनी लेंग्याची घडी घातली, पंजा वर येईल अशी, आणि तो कपाटात ठेवायला आत गेले.